परतायचे राहून गेले

दिवाळी अंकासाठी एखाद्या नव्या कृतीचे परीक्षण करा, असे संपादकांनी कळवले तेव्हा माझ्या टेबलावर दोन कोऱ्या कादंबऱ्या पडून होत्या आणि डोक्यात मात्र एक कागदी पेला घोळत होता. कादंबरी फसली तर मिटून ठेवता येते. हा पेला आठवड्यातून तीन रात्री माझ्या घरात येत होता आणि त्याच्यापायी माझ्या हातची भाजी झाकणाखाली निवून जात होती. तेव्हा परीक्षण त्याचेच करणे मला प्राप्त झाले.

माझी मुलगी अंधेरीला कॉलेजात जाते. विरारच्या गाडीतून उतरून चंदनसारला घरी येईपर्यंत तिला नऊ वाजतात. वाटेवरच्या दुकानातून ती हा पेला घेते, उकळते पाणी ओतते आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाते. पदार्थाचे नाव जाजांगम्यॉन. "आई, कोरियात सगळे खातात हे," ती म्हणाली. हे "सगळे" कोण असतात ते मला अजून कळलेले नाही. माझ्या लहानपणीही ते होते, आणि तेव्हा ते दोन मिनिटांच्या शेवया खात होते.

एका रविवारी मी रीतसर परीक्षणाला बसले. पेल्यात वाळक्या शेवया, कोबीचे आणि सोयाबीनचे सुकलेले कण, एक भुकटीची पुडी, एक तेलाची. वर हिरवा ठिपका. मूळ पदार्थात डुकराचे मांस असते, म्हणून तो पाहून घेतला. उकळते पाणी ओतून पाच मिनिटे थांबायचे, झाकणाच्या भोकांतून पाणी गाळायचे, तळाशी चार चमचे राखायचे आणि मग पुड्या फोडून ढवळायचे. बघता बघता शेवया काजळासारख्या काळ्या होतात. देखावा खरोखर झकास. शेवयांना ताण चांगला, दाताला प्रतिकार करतात. चव आधी गोड, मग खारट, मग पुन्हा गोड. तक्रार एवढीच की पहिल्या घासाला जे कळते त्याहून अधिक काही शेवटच्या घासाला कळत नाही. पहिल्या पानावरच नायकाचा सगळा स्वभाव सांगून मोकळे होणारे लेखक असतात, त्यांची मला आठवण झाली.

पण नेमके काय उणे आहे ते मला सांगता येईना. ते सांगितले सासूबाईंनी. त्या मूळच्या नगरकडच्या. पेल्यात डोकावून त्यांनी आधी विचारले, "हुलग्याच्या शेंगोळ्या का गं?" मग एक घास घोळवला आणि म्हणाल्या, "वाटण परतलं नाहीस वाटतं. कच्चं लागतंय."

मी पुस्तके धुंडाळली आणि चकित झाले. "जाजांग" हा मुळात चिनी शब्द, "जाज्यांग". त्याचा अर्थच तेलात परतलेले आंबवण. "म्यॉन" म्हणजे शेवया. पदार्थाच्या नावातच परतणे आहे आणि पेल्यात तेवढेच नाही!

या नावामागे मोठा प्रवास आहे. १८८३ साली कोरियाचे इंचॉन बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि समुद्रापलीकडच्या चीनच्या शांडोंग प्रांतातून माणसे पोटासाठी तिथे आली. त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला. तिथली गोंगह्वाचून ही जुनी खानावळ त्याचे माहेर मानली जाते. तिच्या वास्तूत २०१२ पासून चक्क या शेवयांचे संग्रहालय आहे. (आपल्याकडे पुरणपोळीचे कोणी काढील काय?) मूळ चिनी पदार्थ खारट आणि तपकिरी, कोरियात आल्यावर त्याच्या आंबवणात जळवलेल्या साखरेचा पाक पडू लागला आणि तो काळा व गोडसर झाला. म्हणजे वेष्टनावर इंग्रजीत "काळे बीन" लिहिलेले असले तरी आत असते ते साधे पिवळे सोयाबीन आणि गहू. हा काळेपणा साखरेच्या करपण्याचा. आमच्या काळ्या मसाल्याचाही काळेपणा भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मसाल्यांचा. दोन्हीकडे करणी विस्तवाचीच.

तिथल्या स्वयंपाकघरात हे आंबवण भरपूर तेलात मंद आंचेवर परततात. त्याचा कडवट कच्चेपणा गेला की कांदा, कोबी, बटाटा आणि मांस घालतात, आणि शेवटी पिठाचे पाणी लावून रस दाट करतात. सोबत कच्चा कांदा आणि मुळ्याचे पिवळे लोणचे. नव्या घरात सामान हलवण्याच्या दिवशी हेच मागवायचे अशी तिथे रूढी आहे. पूर्वी पोऱ्या पत्र्याच्या पेटीतून चिनी मातीचे वाडगे घेऊन येई आणि रिकामे वाडगे मागाहून परत नेई. नव्या फ्लॅटात चूल पेटण्याआधी वडापाववर दिवस काढलेल्या विरारकरांना ही रूढी समजावून सांगायला नको.

मास्तरकीच्या सवयीने आणखी एक गोष्ट सांगते. या शब्दाचे पहिले अक्षर मऊ लिहावे की ठासून, यावर कोरियात वर्षानुवर्षे वाद होता. नियम म्हणे मऊ, लोक म्हणत ठासून. २०११ साली तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने हात टेकले आणि दोन्ही रूपे शुद्ध ठरवली. १९६२ च्या नियमांनी आमचे अनुच्चारित अनुस्वार गेले. पण एखाद्या खाद्यपदार्थापुढे व्याकरण नमल्याचे मी प्रथमच ऐकले.

चिनी माणसाने परमुलखात जाऊन तिथल्या जिभेसाठी नवाच पदार्थ घडवावा, ही कथा मुंबईलाही ठाऊक आहे. मंचूरियन १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी प्रथम केले असे सांगतात. मंचूरियाला त्याची वार्ताही नसावी. संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या गाडीवर ते होताना पाहावे: कढई तापलेली, ज्वाळा वर उठलेली, लसूण तेलात पडल्याचा आवाज. ते मंचूरियन बटबटीत असते, तिखटात सगळे बुडवून टाकते, आणि चवीचा संयम या कोरियन पेल्यातच अधिक आहे हे मी मान्य करते. पण गाडीवाला परततो.

यावर कोणी म्हणेल, बाई, तयार अन्नाकडून ही अपेक्षाच चुकीची. मला ते पटत नाही. मेतकूट तयार अन्नच आहे. थालीपीठाची भाजणी, सातूचे पीठ ही सगळी घाईच्या वेळेची सोयच आहे. परंतु भाजण्याचे काम कोणीतरी आधी जीव लावून केलेले असते, आणि डबा उघडताच त्याचा वास येतो. दोष तयार असण्यात नाही. "पॅरासाईट" या २०१९ च्या कोरियन चित्रपटात असाच प्रसंग आहे. श्रीमंत मालकीण घरी पोहोचण्याच्या आत मोलकरणीला दोन पाकिटांच्या शेवया एकत्र करून वाढायच्या असतात, पण वर महागड्या मांसाचे परतलेले तुकडे घालून. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला हेवा वाटावा असा तो तपशील आहे. पाकीट गरीब-श्रीमंत दोघांचे एकच. फरक काय तो कढईत पडतो.

पुढच्या रविवारी मी दोन पेले आणले. लोखंडी कढईत तेल तापवून कांदा लालसर केला, कोबी आणि बटाट्याच्या बारीक फोडी घातल्या, आंच मंद करून दोन्ही पुड्या त्यात सोडल्या. भुकटी करपते, म्हणून शेवयांचे पाणी हाताशी ठेवले होते. घरात वास दरवळला. सासूबाई काळ्या मसाल्याचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. "आजी, नाही हं!" म्हणून मुलीने डबा काढून घेतला, त्यावर दोघींची जुंपली, आणि शेवटी तो मसाला आजीने आपल्या ताटलीत वेगळा भुरभुरला. मुळ्याचे लोणचे नव्हते, लिंबाचे चालले. कोरियन माणसाने खाऊन पाहिले असते तर त्याला ओळख पटली असती की नाही, कोण जाणे. आम्ही तिघींनी मात्र जमिनीवर बसून कढई पुसून खाल्ली. बटाट्यामुळे रसाला अंग आले होते. गोडवा थोडा उरलाच. तो त्या भुकटीच्या स्वभावात आहे आणि कांद्याने जाणारा नाही.

"आई, रविवारी हे ठीक आहे," हात धुताना मुलगी म्हणाली. "पण उद्या रात्री नऊला परतत कोण बसणार?"

सोमवारी शाळेला निघण्यापूर्वी मी दोन कांदे आणि पावशेर कोबी परतून वाटीत झाकून ठेवला.