‘आरोपी’, ‘दोषी’ आणि ‘म्हणे’ : गडचिरोली खटल्यासंबंधीच्या एका विधानाची चिकित्सा

फौजदारी खटल्यासंबंधी राज्यकर्त्यांनी काढलेल्या उद्गारांचे परीक्षण कायदेपंडितांवर सोपवून भाषाभ्यासक बहुधा मोकळे होतात. परंतु आरोप आणि सिद्ध दोष यांतील अंतर प्रथम शब्दांत राखले जाते व शब्दांतच बुजते. म्हणून पुढील उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

दिल्लीतील इंग्रजीचे अध्यापक जी. एन. साईबाबा व इतर पाच जणांना ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरविले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, खटल्यास दिलेली मंजुरी विधियुक्त नव्हती या कारणास्तव, त्यांना मुक्त केले. तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर तत्काळ मत दिले. निकाल धक्कादायक आहे, पुरावे असूनही तांत्रिक कारणावरून सुटका होणे अयोग्य आहे, असा त्याचा आशय होता.

या आशयाचा सारा भार ‘असूनही’ या पदावर आहे. पुरावा ‘असणे’ आणि पुराव्याने गुन्हा ‘सिद्ध होणे’ या भिन्न क्रिया होत. पहिलीचे प्रतिपादन फिर्यादी पक्ष करतो, दुसरीचा निर्णय न्यायालय देते. ‘असूनही’ म्हणताच पक्षाचे प्रतिपादन हे गृहीत सत्य बनते व वाद केवळ सुटकेच्या कारणापुरता उरतो. मराठी भाषेपाशी यावर उपाय नाही असे नव्हे. ऐकीव गोष्ट सांगताना अशिक्षित मनुष्यही ‘म्हणे’ हा शब्द योजतो आणि सत्यतेची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. मंत्र्याच्या वाक्यात हा संयम दिसत नाही. भरीस ‘आरोपी’ या शब्दाची घडणच ‘रोगी’, ‘दोषी’ यांसारखी असल्यामुळे, दुसऱ्याने केलेला आरोप हा त्या मनुष्याचाच गुणधर्म भासतो.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या वनप्रदेशाने नक्षलवादी हिंसेत अनेक पोलीस व आदिवासी गमावले आहेत. तेथील दुःखाविषयी गृहमंत्र्याने मौन पाळावे, असे कोणी म्हणणार नाही. अपिलाचा अधिकारही शासनाला होताच. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी निकालास स्थगिती दिली आणि १९ एप्रिल २०२३ रोजी तो रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. ‘तांत्रिक’ या आक्षेपाला एवढा आधार निश्चित मिळाला.

परंतु ‘असूनही’ या पदाला तो मिळाला नाही. ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या खंडपीठाने पुराव्याची छाननी केली व गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही, असा निर्णय देऊन सर्वांना निर्दोष ठरविले. अपिलाची घोषणा करण्यास ‘निकाल आम्हांस मान्य नाही’ एवढे वाक्य पुरेसे होते. त्यात शासनाचा अधिकार अबाधित राहतो आणि निर्दोषत्वाच्या गृहीतकासही बाध येत नाही. विशेषतः मुक्ततेनंतर हे गृहीतक अधिकच दृढ होते, हे भारतीय न्यायशास्त्राचे मान्य तत्त्व आहे.

गडचिरोलीतील एक आदिवासी सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे पहिल्या मुक्ततेपूर्वीच, बंदिवासात मरण पावला. साईबाबा १२ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन पावले. न्यायालयाला आपला निकाल फिरविता येतो. लोकांच्या मनात रुजलेला शब्द फिरविण्यासाठी मात्र कोठलेही अपील नाही.