कनवाळू फौजदार

ज्या आबिड्समध्ये आमची वकिलीची कचेरी आहे, त्या भागास हे नाव सहाव्या निजामांच्या खासगीत नोकरीस असलेल्या आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून मिळाले. ते निजाम, मीर महबूब अली खान, १८६९ साली गादीवर आले, तेव्हा लंडनास व्हिक्टोरिया राणी राज्य करीत होती. आबिड्सहून पायी गेल्यास लवकरच सुलतान बाजार लागतो. तो त्या काळी रेसिडेन्सी बाजारांत मोडे, आणि तेथे अंमल निजामांचा नव्हे, तर इंग्रज रेसिडेंटचा चाले. १९३३ पर्यंत ही व्यवस्था टिकली. चार पावले टाकली की कायदा बदले आणि पोलीसही बदले! म्हणून व्हिक्टोरियाकालीन पोलिसांवरील ‘रिपर स्ट्रीट’ ही इंग्रजी दूरचित्रवाणी मालिका पाहताना आम्हांस आपण अगदीच परक्या मुलखात आलो आहो असे वाटले नाही.

ही मालिका बीबीसीने २०१२ च्या डिसेंबरअखेरीस सुरू केली. दोन पर्वांनंतर तिने अंग काढून घेतले, तेव्हा ॲमेझॉनने ती पुढे चालविली आणि २०१६ साली पाचव्या पर्वाने ती संपली. कथेचा आरंभ १८८९ सालचा आहे. व्हाइटचॅपेलमधील स्त्रियांच्या हत्यांना अजून वर्षही झालेले नाही, आणि लेमन स्ट्रीटच्या ठाण्यावर इन्स्पेक्टर एडमंड रीड काम पाहत आहेत. या नावाचा अधिकारी त्या विभागात खरोखरच होता. मॅथ्यू मॅकफेडियन यांनी रीड इतक्या संयमाने उभा केला आहे की, त्याच्या नुसत्या गप्प बसण्यातही मन गुंतून राहते. चिखल, धूर, खानावळी, कुंटणखाने यांचे चित्रण उत्तम आहे. दारिद्र्य, अनाथ मुले, परदेशांतून आलेले खलाशी, गिरणीकामगार स्त्रिया यांपैकी बहुतेक प्रश्नांना मालिकेने हात घातला आहे, आणि तो वरवर घातलेला नाही.

तथापि पहिल्याच भागाने आमच्या मनात शंका उत्पन्न केली. नव्याने निघालेल्या हलत्या चित्रांचा उपयोग करून स्त्रियांच्या हत्येची दृश्ये टिपणारा व विकणारा एक नराधम त्यात दाखविला आहे. रीड त्याचा धिक्कार करतो, प्रेक्षकही करतो. परंतु त्या मरणाऱ्या स्त्रीवर मालिकेचा स्वतःचा कॅमेरा किती वेळ रेंगाळतो? ज्या नजरेस गुन्हेगार ठरवावयाचे, तीच नजर प्रेक्षकास उसनी द्यावयाची, हा व्यवहार आम्हांस सचोटीचा वाटत नाही.

खरी उणीव मात्र याहून खोल आहे. या मालिकेत दुःख गरिबांचे आहे, पण त्या दुःखाचा उच्चार करतो तो फौजदार. विसाव्या-एकविसाव्या शतकातील सद्‌विवेक रीडच्या तोंडी घातला आहे, आणि त्याच्या करुणेच्या प्रकाशात जेवढे लोक येतील तेवढेच आपणांस दिसतात. कीर्तनात बुवा एकटेच उभे असतात. तरी आख्यानात द्रौपदी धावा करू लागली की श्रोत्यांस बुवांचा विसर पडतो. येथे उलट घडते. पात्रे पुष्कळ आहेत, पण शेवटी कानांत राहतो तो रीडचाच आवाज.

व्हाइटचॅपेलच्या आसपासचे लोक मुके होते म्हणून असे झाले, असे म्हणण्यास मुळीच आधार नाही. मालिकेच्या कथाकाळाच्या आदल्याच वर्षी, १८८८ च्या जुलैत, जवळच्या बो भागात ब्रायंट अँड मे यांच्या आगपेटीच्या कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या आणि त्यांनी तो जिंकला. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेनी मजुरीसाठी संप केला व तोही यशस्वी झाला. त्यांच्या वतीने बोलण्यास कोणा इन्स्पेक्टराची गरज पडली नव्हती.

वकील म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट खटकते. इंग्लंडात १८९८ चा पुराव्याचा कायदा होईपर्यंत, काही थोडे अपवाद वगळता, आरोपीस स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देता येत नसे! ज्याच्या गळ्याला फास लागावयाचा, त्याचेच तोंड कायद्याने बांधलेले. यासारखे नाट्य दुसरे कोणते? परंतु असा कायदाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावयाचा, तर दयाळू अधिकारी नायक म्हणून पुरत नाही. त्यामुळे मालिका एकेका दुष्टास पकडते आणि पुढील भागाकडे वळते.

त्याच राणीच्या अमदानीत, १८७१ साली, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. माणसाने गुन्हा करण्यापूर्वीच, नव्हे जन्मतःच, त्यास गुन्हेगार ठरवून त्याचे नाव नोंदवहीत चढविण्याची ती सोय होती. आरंभी तो उत्तरेकडील प्रांतांना लागू होता, १९११ नंतर मुंबई-मद्रासकडेही आला, आणि १९५२ साली रद्द झाला. या शिक्क्याखाली वाढलेल्या लातूर भागातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लातूर तेव्हाच्या निजाम राज्यातले, म्हणजे आम्हां हैदराबादकरांच्या घरचेच. आमची प्रत आम्हांस आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, पदपथावर, मिळाली.

या पुस्तकातही पोलीस आहेतच. ते झडतीला येतात, मारतात. पण तेथे ते पाहणारे नसून पाहिले जाणारे आहेत. ज्याच्या घराची झडती होत आहे, लेखणी त्याच्या हाती आहे. ‘रिपर स्ट्रीट’मध्ये अनेक घरांची दारे ठोठावली जातात आणि दार उघडताच कॅमेरा रीडच्या खांद्यावरून आत शिरतो. आत बसलेल्या बाईच्या बाजूने त्या दाराकडे पाहावे, असे पाच पर्वांत फार क्वचित कोणास सुचले.