दुकानदाराची लेक आणि महादुकान

ज्या ठिकाणीं आपण महिन्यांतून एकदां तरी जातोंच, जेथें आपल्या प्राप्तीचा बराच मोठा वांटा खर्च होतो आणि जेथून आणलेल्या जिनसांवर घरांतील लहानथोरांचें पोषण होतें, त्या ठिकाणास वाङ्मयांत क्वचितच जागा मिळावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. देवळें, नदीकांठ, चाळी, कचेऱ्या आणि आगगाडीचे डबे यांवर आपल्या लेखकांनीं पानेंच्या पानें लिहिलीं. किराणा मालाचें दुकान मात्र कथेंत आलेंच तर एखाद्या विनोदी वाण्याच्या निमित्तानें येतें. आणि त्या दुकानाची जागा ज्यानें आतां बरीचशी घेतली आहे, तें स्वस्त भावाचें मोठें सुपरमार्केट तर तेवढेंही येत नाहीं. ही उपेक्षा आपल्याच भाषेंत आहे असें मात्र नाहीं. फ्रान्समधील विख्यात लेखिका आनी एर्नो यांनीं आपल्या देशांतील लेखकांविषयीं हीच तक्रार केली आहे आणि तिचें एक कारणही सुचविलें आहे: घरचा बाजार करणें हें बायकांचें काम समजलें जातें, आणि बायकांच्या नित्याच्या कामांत लिहिण्यासारखें कांहीं असतें हें मान्य करण्यास साहित्यिकांचें मन सहसा तयार होत नाहीं.

ही तक्रार करून एर्नोबाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं त्याच विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. तें फ्रेंच भाषेंत २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. २०२२ सालीं लेखिकेस साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें आणि पुढच्याच वर्षीं ॲलिसन स्ट्रेयर यांचें इंग्रजी भाषांतर निघाल्यामुळें आपल्याकडील वाचकांसही तें सुलभ झालें. पॅरिसच्या वायव्येस सेर्जी नांवाचें नव्यानें वसविलेलें नगर आहे. एर्नोबाईंचें वास्तव्य कित्येक वर्षांपासून तेथेंच आहे. तेथील बाजारसंकुलांत 'ओशाँ' या कंपनीचें एक अवाढव्य दुकान आहे. अशा दुकानास आपण येथें महादुकान म्हणूं. नोव्हेंबर २०१२ पासून ऑक्टोबर २०१३ पर्यंत या महादुकानांत लेखिकेच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यांची रोजनिशी म्हणजे हें पुस्तक. नाताळच्या दिवसांत एक आई आपल्या लहानग्या लेकीला 'दिवे बघ, लाडके' अशा अर्थाचें कांहीं म्हणते, तेच शब्द पुस्तकाचें नांव झाले आहेत.

पुस्तकांत कथानक नाहीं, संवाद थोडे आहेत आणि अलंकार त्याहूनही थोडे. कोणत्या वेळीं कोणत्या प्रकारचीं माणसें येतात, खेळण्यांच्या विभागांत मुलींसाठीं कोणतीं आणि मुलांसाठीं कोणतीं खेळणीं मांडलेलीं असतात, गल्ल्यापुढें रांगेंत उभें असतां माणूस कसा अस्वस्थ होतो, अशा गोष्टींच्या त्यांत नोंदी आहेत. परंतु या साध्या नोंदींच्या मागें एक फार जागरूक मन आहे. एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीचा उल्लेख करतांना तिचा वर्ण लिहावा कीं लिहूं नये, असा प्रश्न लेखिकेस पडतो. लिहावा तर तेवढ्यावरून तिला वेगळी काढल्यासारखें होतें. न लिहावा तर वाचक तिला गोरी समजणार आणि तिचें अस्तित्वच पुसलें जाणार. गल्ल्यावरील सरकत्या पट्ट्यावर आपण एकेक जिन्नस मांडूं लागलों, कीं आपली राहणी, आपली मिळकत आणि आपलें कुटुंब हीं सर्व मागच्या माणसास उघडीं दिसतात, हें तिचें निरीक्षण वाचल्यावर तर पुढच्या वेळीं रांगेंत उभें राहतांना आपली नजर खालीं गेल्याशिवाय राहत नाहीं.

या पुस्तकांतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला भाग स्वस्त मालाच्या विभागासंबंधींचा आहे. महादुकानाच्या एका भागांत सुटा माल कमी दरानें ठेवलेला असतो. गिऱ्हाइकानें तो स्वतःच भरून घ्यावयाचा. तेथें, माल जागच्या जागीं खाण्यास मनाई आहे, अशी सूचना लावलेली लेखिकेस दिसते. महागड्या विभागांत अशी सूचना नाहीं. एवढ्या एका पाटीवरून ती ओळखते कीं, सर्वांस सारखें वागविण्याची बतावणी करणाऱ्या या इमारतींतही कोणावर विश्वास ठेवावयाचा आणि कोणावर नाहीं, हें आधींच ठरून गेलेलें आहे. स्वस्ताईची किंमत कोठें तरी मोजावी लागतेच. येथें ती संशयाच्या रूपानें गरिबाकडून घेतली जाते. बांगलादेशांतील कापडकारखान्यांत झालेल्या प्राणहानीचीही नोंद लेखिकेनें याच रोजनिशींत केली आहे, आणि स्वस्त सदऱ्याची किंमत दूर देशांत कोण मोजतो हेंही दृष्टीआड होऊं दिलेलें नाहीं.

येथवर स्तुति झाली. आतां आमचा आक्षेप सांगतों. आणि तो सांगण्यास लेखिकेचाच एक जुना ग्रंथ उपयोगी पडतो. एर्नोबाई या दुकानदाराच्या कन्या. नॉर्मंडी प्रांतांतील इव्हतो या गांवीं त्यांच्या आईबापांचें किराणा मालाचें दुकान आणि त्याला जोडून लहानसें कॅफे होतें. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ला प्लास' या पुस्तकांत त्यांनीं आपल्या वडिलांचें चरित्र सांगितलें आहे. त्याआधींच्या पहिल्या दुकानांत मजुरांच्या मोठ्या कुटुंबांस उधार नाकारणें त्या जोडप्यास जमेना, दुकानावर भागेना, आणि अखेर वडिलांस बाहेर मजुरी पत्करावी लागली. दुकानदार हा तेवढा लुबाडणारा आणि गिऱ्हाईक तेवढें नाडलेलें, ही सोपी समजूत हें पुस्तक वाचल्यावर टिकत नाहीं.

त्या पुस्तकाचा शेवट, चमत्कार असा कीं, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच झाला आहे. त्या काळीं लेखिका शिक्षिकेचें काम करीत. सामानाची ट्रॉली घेऊन त्या रांगेंत उभ्या असतां गल्ल्यावर बसलेली मुलगी आपली एके काळची विद्यार्थिनी आहे, हें त्यांच्या लक्षांत येतें. काय करतेस, बरें आहे ना, अशी कांहीं विचारपूस होते. आपलें शिक्षण कसें फसलें हें बाईंना आठवत असणार, अशा समजुतीनें ती मुलगी उत्तर देते. बाई मात्र तें विसरून गेलेल्या असतात. निरोप घेईपर्यंत मुलीचा एक हात पुढच्या गिऱ्हाइकाच्या मालाकडे गेलेला असतो आणि दुसरा न पाहतांच यंत्रावर आंकडे उमटवीत असतो. प्रसंग एवढाच. परंतु एकाच वर्गांतून एक माणूस वर कसा जातो आणि दुसरा मागें कसा राहतो, शिक्षण कोणाला तारतें आणि कोणाला सोडून देतें, हें सर्व त्यांत येऊन जातें.

तीस वर्षांनंतर लिहिलेल्या रोजनिशींत गल्ल्यावरील स्त्रिया पुन्हां पुन्हां दिसतात. परंतु त्या विद्यार्थिनीची जशी एका पानांत ओळख झाली, तशी त्यांपैकीं एकीचीही होत नाहीं. आपण पद्धतशीर चौकशी करीत नसून जें दिसेल तें टिपीत आहों, असें लेखिकेनें आरंभींच सांगून टाकलें आहे. महादुकानांत ओळख होतच नाहीं, तर ती पुस्तकांत कोठून यावी, असेंही कोणी म्हणेल. हें समर्थन खरें असलें तरी पुरेसें नाहीं. दुकान ज्याला केवळ गिऱ्हाईक किंवा नोकर म्हणून पाहतें, त्याला माणूस म्हणून पाहणें हें तर साहित्याचें काम. आणि तें करण्याची शक्ति आपल्यांत किती आहे, हें या लेखिकेनें १९८३ सालींच सिद्ध केलें होतें. म्हणूनच रोजनिशी वाचतांना डोळ्यांची तृप्ति होते आणि मन थोडें उपाशी राहतें.

हा प्रश्न फ्रान्सपुरता नाहीं. गिऱ्हाइकानें स्वतः माल उचलून गल्ल्यावर आणावा, ही पद्धत अमेरिकेंत मेंफिस शहरीं क्लॅरेन्स सॉन्डर्स यानें १९१६ सालीं आपल्या दुकानांत सुरू केली. जर्मनींतील एसेन शहरांत एका स्त्रीनें १९१३ सालीं काढलेलें लहानसें दुकान दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या मुलांनीं हातीं घेतलें. मोजकेच जिन्नस ठेवावे, ते खोक्यांतच मांडावे, सजावटीवर पैसा घालूं नये आणि जें वांचेल तें भावांत सोडावें, या धोरणावर त्यांनीं दुकानांची मोठी सांखळी उभी केली. 'आल्डी' हें तिचें नांव. आपल्याकडे शेअरबाजारांतील प्रसिद्ध गुंतवणूकदार राधाकिशन दमानी यांनीं २००२ सालीं मुंबईंत पवई येथें 'डी-मार्ट'चें पहिलें दुकान काढलें. शक्य तेथें जागा स्वतःच्या मालकीची ठेवावी, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून भाव कमी करून घ्यावा, माल झपाट्यानें खपवावा आणि छापील किंमतीपेक्षां स्वस्त विकावा, हें त्याचें सूत्र. आज महाराष्ट्रांतील शहरांत मध्यम वर्गाच्या घरचा महिन्याचा किराणा बहुधा अशाच एखाद्या दुकानांतून येतो. तेव्हां एर्नोबाईंचें पुस्तक हें परदेशाचें प्रवासवर्णन म्हणून वाचण्याचें कारण उरलेलें नाहीं.

या बदलाविषयीं आपल्याकडे जें थोडें बोललें जातें, त्यांत गेलेल्या वाण्याबद्दलचे उसासे फार असतात. प्रस्तुत लेखकास ते उसासे पुरतेपणीं साथ देतां येत नाहींत. लहानपणीं वाण्याची वही घेऊन जाण्याचें काम याच लेखकाकडे असे. वाणी पुडी बांधून देई, वहींत लिही, आणि जातांना गुळाचा खडा हातावर ठेवी, हें खरें आहे. परंतु वडिलांचा पगार लांबला म्हणजे तोच वाणी दुकानांत चार माणसें असतांना मागील बाकीचा आंकडा मोठ्यानें वाचून दाखवी, हेंही तितकेंच खरें आहे. एकदां असा प्रकार झाल्यावर 'आतां जाऊं नकोस' एवढेंच आई म्हणाली, आणि महिनाअखेरपर्यंत आमच्या घरीं चहा साखरेवांचून झाला. पुढें म्हातारपणीं तिला अशाच एका स्वस्त महादुकानांत नेलें, तेव्हां तिनें एक पुडा उचलला, त्यावरील किंमत चष्मा सांवरून वाचली आणि तो परत जागेवर ठेवून दिला. कोणीं कांहीं विचारलें नाहीं, कोणाला कांहीं सांगावें लागलें नाहीं. 'हें बरें आहे हो,' असें ती म्हणाली. त्या चार शब्दांत अनेक वर्षांचा अपमान धुऊन निघाला होता.

मात्र जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे. वडील अंथरुणास खिळले त्या वर्षीं त्याच वाण्यानें तीन महिने वही भरत दिली आणि पैशाचें नांव काढलें नाहीं. महादुकानाच्या गल्ल्यावर असें होण्याचा संभव नाहीं. तेथें बसलेल्या मुलीच्या अंगीं दया नसते असें नव्हे. ती दाखविण्याचा अधिकार तिला दिलेला नसतो. जेथें मागावें लागत नाहीं, तेथें आपल्यासाठीं थांबणारेंही कोणी नसतें. बिलाच्या तळाशीं आपली बचत किती झाली याचा आंकडा छापून मिळतो आणि तो वाचून समाधानही वाटतें. परंतु छापील किंमत आणि दिलेली किंमत यांच्या वजाबाकींत हा दुसरा तोटा कोठेंच धरलेला नसतो.

हा तोटा आणि तो लाभ एकाच पानावर मांडील, असें पुस्तक मराठींत व्हावयाचें आहे. तें लिहिणारी व्यक्ति कदाचित् वाण्याच्या घरांतून येईल, कदाचित् गल्ल्यावर आठ तास बसून घरीं परतणारी एखादी मुलगी असेल. तिनें एर्नोबाईंची रोजनिशी अवश्य वाचावी, आणि ती वाचून झाल्यावर 'ला प्लास'चें शेवटचें पान पुन्हां एकदां उघडावें. काय पाहावें हें पहिल्या पुस्तकावरून कळेल. कोणाकडे पाहावें हें दुसऱ्यावरून.