घर विकणे आहे : एक रसग्रहण

छोट्या जाहिराती हा आपल्याकडे उपेक्षित राहिलेला वाङ्मयप्रकार आहे. कवितेला कवींपेक्षा समीक्षक जास्त मिळाले. पण छापून यावं म्हणून पदरचे पैसे मोजणाऱ्या या लेखकाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा आम्हीच, बी. कॉम. असूनही, पुढे सरसावतो.

आमच्या यावलातली ही ताजी कृती पाहा : ‘नूतनीकरण केलेला प्रशस्त वाडा, गोठा व खळ्याच्या जागेसह, त्वरित विकणे आहे. मागील दोन खोल्या रिकाम्या करून मिळतील. दलाल क्षमस्व.’

आता ‘नूतनीकरण’. वाडा आमच्या पाहण्यातला. सागाचे खांब, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी माजघरात घोंगडी टाकून दुपार निभायची. नूतनीकरणात धाबं गेलं, स्लॅब आला. साग निघाला, तो आता कुठल्याशा शहरात हॉटेलच्या दारात उभा आहे म्हणतात. जमिनीला टाइल्स बसल्या. पंखा लावला की वरून वाफ येते. याच तालुक्यात, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावठी सामानातून सजावट उभी केली होती. नंदलालबाबूंना टाइल्स सुचल्या नाहीत, बिचारे!

‘प्रशस्त’बद्दल बोलायला नको. वाटणीनंतर उरलेल्या प्रत्येक घराला तो शब्द लागतो.

फ्रान्समध्ये पीटर मेल नावाच्या इंग्रजानं प्रोव्हान्स भागात जुनं शेतघर घेतलं. तिथल्या एका वर्षावरचं, दुरुस्तीच्या हालांसकट, त्याचं पुस्तक १९८९ साली निघालं आणि धो धो खपलं. गृहस्थ मूळचा जाहिरातीच्या धंद्यातला. पण पुस्तकात गवंडी आले, शेजारी आले, त्यांची जेवणं आली. आमच्या जाहिरातीत माणूसच नाही. एक दलाल आहे, त्याचीही क्षमा मागून बोळवण.

याउलट खरेदीखत वाचा. बँकेत गहाणाच्या निमित्तानं आम्ही पुष्कळ वाचली. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ – काय झोक आहे! मग चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस खळं, उत्तरेस भाऊबंदांचं घर, दक्षिणेस सामाईक भिंत. ‘सामाईक भिंत’ या दोन शब्दांत एखादी कादंबरी सहज मावेल, आणि मुद्रांक शुल्क वेगळं.

पण आमचा खरा आक्षेप व्याकरणाचा आहे. ‘रिकाम्या करून मिळतील.’ कोण करणार? कोणाकडून? कर्ता बेपत्ता. त्या खोल्यांत मालकाचा सालदार राहतो. बाप याच घरी राबला, हाही राबला, दोन मुली तिथेच जन्मल्या. गोठ्याला जाहिरातीत जागा मिळाली, गोठा झाडणाऱ्याला नाही. शब्दाला पैसे पडतात हे कबूल. पण ‘त्वरित’ला पडलेच होते की.

परवा तो आमच्या काउंटरवर आला. पासबुकावरचा पत्ता बदलायला काय लागतं म्हणाला. मी फॉर्म दिला, नाव-गाव लिहून दिलं आणि नवा पत्ता विचारला.

‘तेवढं कोरं राहू द्या, भाऊ,’ तो म्हणाला, ‘अंगठा आत्ताच देऊन ठेवतो.’