‘द तक्वाकोर्स’ : संहितेतून वास्तवाकडे

साहित्य हे समाजाचे प्रतिबिंब असते, हे विधान मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की साहित्यातून समाज घडण्याची उलट प्रक्रिया आपण क्वचितच तपासतो. मायकेल मुहम्मद नाइट यांची ‘द तक्वाकोर्स’ ही इंग्रजी कादंबरी त्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. २००३ मध्ये लेखकाने तिच्या झेरॉक्स प्रती काढून स्वतःच वाटल्या. अमेरिकेतील बफेलो शहरात एका घरात एकत्र राहणारे मुस्लिम पंक तरुण तिने कल्पिले. त्या नावाची चळवळ तेव्हा अस्तित्वात नव्हती.

शीर्षक जोडशब्दाचे आहे. ‘तक्वा’ म्हणजे ईश्वराचे सतत भान. ‘हार्डकोर’ हा पंक संगीताचा अधिक आक्रमक प्रकार. या घरात दिवाणखान्यातच नमाज होते आणि दारूच्या मेजवान्याही होतात. हे सारे सांगणारा यूसुफ हा पाकिस्तानी वंशाचा, अभियांत्रिकी शिकणारा, पापभीरू तरुण आहे. बुरखा घालणारी राबिया कुराणातील एका आयतीवर काट मारते आणि पुरुषांच्या नमाजाचे नेतृत्वही करते.

हा धर्मत्याग आहे, असे वाचन सोपे, पण अपुरे आहे. काट मारण्यासाठीही ग्रंथ जवळ बाळगावा लागतो. ज्याचा अधिकार संपला त्याच्याशी कोणी भांडत नाही. इथे आपल्या परंपरेतील निंदास्तुतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. भेद मात्र मूलगामी आहे. निंदास्तुती करणाऱ्या भक्ताची देवाशी असलेली सलगी त्याच्या समाजाला मान्य असते. या तरुणांची सलगीच वादग्रस्त आहे : मशिदीतील वडीलधाऱ्यांना ती पाखंड वाटते, तर २००१ नंतरच्या अमेरिकेला त्यांचे मुसलमान असणेच संशयास्पद वाटते.

पुढे वास्तव कादंबरीच्या मागोमाग आले. बॉस्टन परिसरातील ‘द कोमीनाज’ हा वाद्यवृंद ‘कमीना’ ही शिवीच बिरुद म्हणून मिरवू लागला. कॅनडातील ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’ने गुप्त पुराव्यांवर स्थानबद्ध केलेल्या पाच मुस्लिम पुरुषांच्या प्रकरणावरून आपले नाव घेतले. २००७ मध्ये या मंडळींनी हिरव्या रंगाच्या बसमधून अमेरिकेचा दौरा केला. त्याच दौऱ्यात शिकागोजवळच्या एका मोठ्या मुस्लिम अधिवेशनात स्त्रियांच्या गायनावरून आक्षेप निघाला आणि पोलिसांनी त्यांना सभागृहाबाहेर काढले.

तथापि संहितेने दिलेल्या नावाची किंमतही असते. नाइट हे तरुणपणी इस्लाम स्वीकारलेले गोरे अमेरिकन. वादकांपैकी बरेचसे दक्षिण आशियाई स्थलांतरितांची मुले. वृत्तपत्रांनी त्यांच्या संगीतापेक्षा ‘मुस्लिम पंक’ या नवलाचीच अधिक दखल घेतली, आणि त्यांच्यातील काहींनी पुढे ‘तक्वाकोर’ हे लेबल नाकारले. या नकारात विसंगती नाही. कोणीही आपल्या वतीने आपली व्याख्या करू नये, ही कादंबरीचीच जीवनदृष्टी होती. ती त्यांनी कादंबरीलाही लागू केली. संहितेच्या सामर्थ्याचा याहून सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही.