'नर्गिस'चा अर्थ

गेल्या जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी एका पालकांनी आम्हाला विचारले, "सर, मुलीचे नाव नर्गिस आहे. नातेवाईक म्हणतात, हे सिनेमावाल्यांचे नाव, इस्लामी नव्हे. रजिस्टरात दुसरे लिहाल का?" जन्मदाखल्याप्रमाणेच नाव लिहावे लागते, असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण प्रश्न नियमाचा नव्हता.

मुलांच्या नावांच्या ज्या पुस्तिका आमच्या पाहण्यात आल्या, त्या 'नर्गिस : एक फूल' एवढे सांगून थांबतात. अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. हे फारसी नाव आपल्या पाळण्यापर्यंत शायरीच्या वाटेने आले. फारसी-उर्दू गझलेत नर्गिस म्हणजे प्रेयसीचा डोळा. कधी धुंद, कधी आजारी. 'बांग-ए-दरा' (1924) या संग्रहात इकबाल यांनी याच फुलाला आपल्या दृष्टिहीनतेवर रडायला लावले. काजी नजरुल इस्लाम यांनी 1921 मध्ये आपल्या वधूला, सैयदा खातून यांना, हेच नाव दिले. मुंबईच्या पारशी घरांतही ते रुळले.

सिनेमाने हे नाव घडवले नाही, घरोघरी पोहोचवले. 'तकदीर' (1943) ते 'मदर इंडिया' (1957) या काळात ते सर्वांच्या ओठांवर आले. त्या अभिनेत्रीचे मूळ नाव फातिमा रशीद. फातिमाची नर्गिस झाली, हा त्या काळाचा कल; आज आमच्या हजेरीपटावर फातिमा अनेक आहेत, नर्गिस ही एकटीच. फातिमा हे नाव आम्हालाही प्रिय आहे. पण एका नावाच्या आदरासाठी दुसऱ्याला परके का ठरवावे?

शिया परंपरेत बाराव्या इमामांच्या मातोश्रींचे नाव नर्जिस, म्हणजे अरबी वळणाची नर्गिसच. इराणमध्ये हे नाव आजही चालते. 2023 चे शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा नर्गिस मोहम्मदी तुरुंगात होत्या. गझलेतला न पाहणारा डोळा आणि अन्याय पाहून गप्प न बसणारी ही बाई, दोघींचे नाव एकच!

नावे मागे पडतात, नवी येतात. त्याबद्दल तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती अज्ञानातून पुसल्या जाणाऱ्या नावाबद्दल. आम्ही हे सारे त्या पालकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "राहू द्या सर. तिच्या दादीने ठेवलेले आहे."

आम्ही रजिस्टरात लिहिले : नर्गिस.