ऑर्कांचे कूळ

अद्भुतकथेतील दुष्ट जन्मतःच दुष्ट असावा की कोणी त्याला तसा घडविलेला असावा, हा प्रश्न वरवर पाहता बालवाङ्मयातला वाटतो. पण जे. आर. आर. टोल्किन यांना तो अखेरपर्यंत सुटला नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कथाप्रबंधात त्यांनी ऑर्क नावाच्या जमातीचा हजारोंनी संहार करविला, आणि हे मारले गेले ते कोण होते, याचा शोध नंतर कित्येक वर्षे चालविला.

टोल्किन हे ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे शब्द आधी आणि प्राणी मागाहून. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यात बंधुघातकी केनच्या वंशात निपजलेल्या अभद्र योनींची नावे येतात. ‘ऑर्कनेअस’ हे त्यांतलेच एक. त्याच यादीत एल्फही आहेत, हे विसरू नये! पुढे टोल्किन यांनी ज्यांना तेजस्वी देवयोनी केले, ते मूळ काव्यात ऑर्कांचे भाऊबंदच होते. रूपाचे ऋण मात्र जॉर्ज मॅकडोनाल्ड यांच्या १८७२ मधील गॉब्लिनकथेचे. ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) हे प्राणी बहुतेक ठिकाणी गॉब्लिन म्हणूनच वावरतात.

उत्पत्तीची पहिली कथा सोपी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या गॉन्डोलिनच्या आख्यानात ऑर्क हे पृथ्वीच्या उष्ण चिखलातून घडविलेले आहेत. चिखलाचा पुतळा फोडल्याचे पाप कोणाला लागणार? पण टोल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. सृष्टी निर्माण करणे हे ईश्वराचेच कर्म; पापाला फार तर तिचे विडंबन करता येते, ही त्यांची धारणा. तेव्हा ऑर्क हे छळाने भ्रष्ट केलेले एल्फ ठरले; मृत्यूनंतर १९७७ मध्ये निघालेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये हाच समज नोंदविलेला आहे. पण मग त्यांना आत्मा आला, आणि आत्म्याबरोबर उद्धाराची शक्यताही आली. उत्तरकाळातील टिपणांत ते कधी मानवांकडे वळतात, तर कधी बोलायला शिकविलेल्या आत्मशून्य पशूंकडे. पुत्र क्रिस्टोफर यांनी ही टिपणे १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतला एकही पक्ष कथेला पुरता बसत नाही.

आमच्या मते हा घोळ तत्त्वज्ञानाने नव्हे, तर कलावंताच्या कानाने माजविला. शाग्रट आणि गोर्बाग या दोन ऑर्क-नायकांचा संवाद पाहावा. वरिष्ठांच्या नावाने बोटे मोडणे, लढाई आटोपल्यावर चार विश्वासू गडी घेऊन कोठे तरी दूर लूट करीत स्वतंत्र राहण्याचा बेत, हे सारे कोणत्याही छावणीत ऐकू यावे असे आहे. सोमच्या रणभूमीवर १९१६ मध्ये लढलेल्या लेखकाला हा स्वर परका नसावा. घायाळ साथीदाराला टाकून जाणे ही एल्फांची रीत, असे गोर्बाग तिरस्काराने म्हणतो. पण थोड्याच वेळात, कोळिणीच्या जाळ्यात जिवंत लोंबकळणाऱ्या आपल्याच माणसाला सोडून आल्याची आठवण काढून दोघे हसतात. ज्याला नीती ठाऊक आहे आणि जो ती पाळत नाही, तो पशू नव्हे. त्याला काय म्हणावे हे आपण सर्व जाणतो.

रामायणाच्या वाचकाला येथे एक उणीव तीव्रतेने जाणवते. राक्षसांना कूळ आहे. रावण पुलस्त्याचा नातू. राक्षसांत बिभीषण आहे, असुरांत प्रल्हाद आणि बळी आहेत. ऑर्कांत बिभीषण नाही. एवढ्या विस्तृत ग्रंथात एकही शरण येत नाही, एकालाही अभय मिळत नाही. उलट १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचे रूप वर्णिताना टोल्किन मंगोल चेहरेपट्टीची उपमा देतात. ती युरोपीय दृष्टीने दिल्याचे ते स्वतःच नमूद करतात खरे, पण तेवढ्याने तिचा डंख जात नाही. आम्ही त्यांना वंशद्वेष्टे म्हणणार नाही. १९४४ मध्ये पुत्राला लिहिताना प्रत्यक्ष युद्धात ऑर्क दोन्ही पक्षांत असतात, हे त्यांनी मान्य केले होते. पत्रातला हा न्याय कादंबरीत उतरला नाही, एवढीच आमची तक्रार.

स्वतंत्र राहण्याचा तो बेतही सिद्धीस जात नाही. एका रुपेरी चिलखतावरून दोन्ही टोळ्या परस्परांना कापून काढतात, गोर्बाग शाग्रटच्याच हातून मरतो, आणि शाग्रट लूट काखोटीला मारून, ज्या धन्यापासून सुटायचे होते त्याच्याकडेच धावत जातो.